आठ लेहेंदाकारी आणि एक कुकर

अमामाला साल विचारलं तर ती साल सांगत नाही. इमारतीला लिफ्ट कधी बसली? "आर्दान्साच्या वेळी." नवरा कधी गेला? "इबारेचे नुकताच आला होता तेव्हा." मला तिच्या घरी खोली मिळाली ती "उर्कुयूच्या दुसऱ्या खेपेला". माझे आजोबाही असंच बोलायचे. बहात्तरचा दुष्काळ म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं, "वसंतराव नाइकांच्या राज्यात." त्यामुळे हे कॅलेंडर वाचायला मला जड गेलं नाही. फक्त इथल्या राज्यकर्त्यांची नावं पाठ करावी लागली, आणि ती आठच आहेत.

अमामा म्हणजे आजी. उत्तर स्पेनमधल्या बास्क प्रदेशात, इथल्या बिस्काया प्रांतात, आईच्या आणि वडिलांच्या, दोन्ही आयांना हाच शब्द. माझ्या घरमालकीणबाईंना सगळी इमारत अमामाच म्हणते, म्हणून मीही. तिचा जन्म १९३४ चा. मी चिंचवडचा, ग्राइंडिंग मशीन दुरुस्त करणारा माणूस. पुणे-चाकण पट्ट्यात बास्क मालकीचे कारखाने आहेत हे तिकडे काम करणाऱ्यांना ठाऊक असतं, बाकीच्यांना ती कंपनी 'स्पॅनिश' वाटते. मलाही तसंच वाटायचं. २०१८ साली कंपनीने दुरांगो नावाच्या गावी पाठवलं, आणि पहिल्याच आठवड्यात मशीन शॉपमधल्या फोरमनने, अगदी शांतपणे, माझी ती चूक दुरुस्त केली.

लेहेन म्हणजे पहिला. लेहेंदाकारी म्हणजे बास्क सरकारचा प्रमुख, आपल्या हिशेबाने मुख्यमंत्री म्हणा. पण मुख्यमंत्री म्हटलं की मनात येतं त्यापेक्षा प्रकरण जरा वेगळं आहे. अराबा, बिस्काया आणि गिपुस्कोआ हे तीन प्रांत, वस्ती बावीस लाखांच्या आसपास. म्हणजे पुणे शहरापेक्षाही कमीच. तरी यांचे पोलीस स्वतःचे, टीव्ही वाहिनी स्वतःची, दवाखाने स्वतःचे. आणि मुख्य म्हणजे कर! माझा आयकर माद्रिदला जातच नाही. तो बिस्काया प्रांताच्या तिजोरीत पडतो. मग संरक्षण, परराष्ट्र वगैरे जी कामं माद्रिद सगळ्यांसाठी करतं त्या खर्चातला ६.२४ टक्के वाटा हे लोक उलट माद्रिदला पाठवतात. आपल्याकडे राज्याचा पैसा दिल्लीला जातो आणि मग वाट बघत बसावं लागतं. इथे पाइप उलटा जोडलेला आहे. ही व्यवस्था १८७८ पासूनची. बिस्काया आणि गिपुस्कोआ 'गद्दार प्रांत' ठरवून, पुढे स्पेनचा हुकूमशहा झालेल्या फ्रँकोने १९३७ साली त्यांची ती काढून घेतली, आणि १९८१ साली ती परत मिळाली. हे सगळं मला अमामाने नाही, आयकराच्या फॉर्मने शिकवलं.

अमामाने शिकवली ती शपथ.

सरकार बसतं गास्तेइसमध्ये, पण लेहेंदाकारी शपथ घ्यायला येतो गेर्निकाला, एका ओकच्या झाडाखाली. दुरांगोहून छोट्या रेल्वेने निघायचं, आमोरेबिएताला गाडी बदलायची, आणि हिरव्या डोंगरांमधून गेर्निका. मी पहिल्यांदा गेलो तो सोमवार होता, कारण सोमवारी तिथे बाजार भरतो आणि अमामाला गेर्निकाच्या मिरच्या हव्या होत्या. बारीक, हिरव्या, तिखट नसलेल्या. तेलात फोड येईपर्यंत परतायच्या, वरून जाडं मीठ, देठ धरून तोंडात टाकायच्या. तिखट नसलेल्या मिरचीसाठी एवढा प्रवास, हे माझ्या कोल्हापूरच्या सासुरवाडीला मी अजून सांगितलेलं नाही.

झाड बघून माझी थोडी निराशाच झाली. मला वाटलं होतं हजार वर्षांचा वृक्ष असेल. होतं एक तरणंताठं, सडपातळ झाड, २०१५ साली लावलेलं. बाजूला गोल खांबांच्या छत्रीत एक जुनं, वाळलेलं खोड ठेवलंय, समाधीसारखं. त्याच्यानंतरचं झाड १८६० मध्ये लावलेलं. १९३७ च्या बॉम्बवर्षावातून ते वाचलं आणि २००४ मध्ये बुरशीने मेलं. त्याच्या वंशातलं एक २००५ मध्ये लावलं, तेही दहा वर्षांत गेलं. माळी त्याच झाडाच्या बिया रुजवून रोपं तयार ठेवतात, एक गेलं की दुसरं उभं. म्हणजे पहिला लेहेंदाकारी ज्या झाडाखाली उभा राहिला त्याच झाडाखाली तिसरा, चौथा आणि पाचवा. सहाव्याला नवं झाड मिळालं. सातव्याच्या बारा वर्षांत दोन झाडं झाली. अमामाला यात काही विशेष वाटत नाही. "झाड तेच आहे," ती म्हणते. "खोड बदलतं."

तर पहिला. होसे आंतोनियो आगिर्रे. बिलबाओचा, वकील, तरुणपणी अ‍ॅथलेटिक क्लबकडून फुटबॉल खेळलेला, गेचो गावचा महापौर. ७ ऑक्टोबर १९३६ रोजी त्याने शपथ घेतली तेव्हा वय अवघं बत्तीस. फ्रँकोच्या बंडातून पेटलेलं स्पेनचं यादवी युद्ध सुरू होऊन अडीच महिने झाले होते. स्वायत्ततेचा कायदा आठवड्यापूर्वी, १ ऑक्टोबरला मंजूर झालेला, आणि तीन प्रांतांपैकी हातात उरला होता जवळजवळ एकटा बिस्काया. विमानं येतील या भीतीने समारंभ गुपचूप उरकला. तिथे तो जे बोलला ते अमामाला तोंडपाठ आहे. मराठीत साधारण असं होईल:

देवापुढे नम्र होऊन, बास्क भूमीवर उभा राहून, पूर्वजांचं स्मरण करून, गेर्निकाच्या झाडाखाली, माझी जबाबदारी नीट पार पाडीन अशी शपथ घेतो.

मूळ बास्कमध्ये नम्रतेला 'आपालिक' आणि उभं राहण्याला 'सुतुनिक' असे शब्द आहेत. एका दमात वाकलेला आणि ताठ. दोन्हींचा शेवट सारखा, त्यामुळे आरतीसारखं लागतं कानाला.

या सरकारला स्वतःच्या जमिनीवर नऊ महिनेही मिळाले नाहीत. तेवढ्यात सैन्य उभं केलं, पासपोर्ट काढले, नाणीसुद्धा पाडली. अमामाकडे त्यातलं एक आहे, दोन पेसेताचं, निकेलचं, १९३७ सालचं. एका बाजूला टोपी घातलेल्या बाईचा चेहरा आणि भोवती 'गोबिएर्नो दे एउस्कादी'. बेल्जियममध्ये पाडलेलं नाणं. मी सवयीने खिशातला व्हर्नियर काढला तशी ती ओरडली. निकेल आहे, झिजत नाही, हे तिला पटवायला मला वेळ लागला.

३१ मार्च १९३७ ला दुरांगोवर फ्रँकोच्या बाजूच्या इटालियन विमानांनी बॉम्ब टाकले. सकाळची वेळ, चर्चमध्ये मिस्सा चालू होती. गावात तीनशेच्या वर माणसं गेली. अमामा तेव्हा तीन वर्षांची नव्हती, तिला आठवते ती फक्त आईच्या एप्रनची चव, कारण खोकला ऐकू जाऊ नये म्हणून तिच्या तोंडात तो कोंबला होता. विमानाला खोकला कसा ऐकू जाईल, हे मी विचारलं नाही. २६ एप्रिलला, सोमवारी, बाजाराच्या दिवशी गेर्निका जळालं. जगाला गेर्निका माहीत आहे, दुरांगो नाही. याची दुरांगोच्या लोकांना थोडी खंत असते. बोलून दाखवत नाहीत, पण असते.

१९ जूनला बिलबाओ पडलं आणि आगिर्रे परागंदा झाला. पुढची गोष्ट कुणी लिहून दिली असती तर मी अतिशयोक्ती म्हणून हसलो असतो. मे १९४० मध्ये तो बेल्जियममध्ये कुटुंबाला भेटायला गेलेला असताना जर्मन सैन्य आत घुसलं. याला पकडलं असतं तर फ्रँकोच्या हवाली करून गोळीच घातली असती. स्पेनमधल्याच काताल्युन्याच्या (कॅटलोनियाच्या) सरकारचा प्रमुख कंपान्यस याचं त्याच वर्षी तेच झालं. मग आगिर्रेने मिशी वाढवली, चष्मा लावला, पनामाच्या पासपोर्टावर 'डॉक्टर आल्बारेस लास्त्रा' झाला, आणि लपायला कुठे गेला? बर्लिनला. १९४१ चे काही महिने हा माणूस हिटलरच्या राजधानीत राहिला, तिथून स्वीडन, स्वीडनहून बोटीने ब्राझील, आणि अखेर न्यूयॉर्क. तिथे कोलंबिया विद्यापीठात त्याने शिकवलं. युद्धानंतर पॅरिसला परतला. अमेरिका फ्रँकोला खाली खेचेल या आशेवर वर्षामागून वर्षं काढली. अमेरिकेने १९५३ मध्ये फ्रँकोशी लष्करी तळांचा करार केला. २२ मार्च १९६० रोजी आगिर्रे पॅरिसमध्ये गेला, वय छप्पन्न.

अमामाच्या स्वयंपाकघरात येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आहे. तिच्या मागच्या पुठ्ठ्यात आगिर्रेचा पत्त्याएवढा फोटो होता, तिच्या आईने लावलेला. शिपाई आले तर त्यांना देव दिसायचा. अमामा सांगते, रात्रीची प्रार्थना म्हणताना आई देवाकडे बघायची की त्याच्या मागे, हे आम्हाला कधी कळलं नाही. तेव्हा बास्क बोलायचीही चोरी. शाळेत जो मुलगा बास्क बोलताना सापडेल त्याच्या हातात अंगठी द्यायचे, त्याने दुसरा बोलणारा पकडून त्याला ती द्यायची, संध्याकाळी जिच्याकडे अंगठी तिला छड्या. अमामाकडे ती बऱ्याचदा उरायची. तिला चुगली जमायची नाही.

दुसरा लेइसाओला. याच्याबद्दल जग फार बोलत नाही, आणि माझा सगळ्यात जीव आहे तो याच्यावर. बिलबाओ पडत असताना बहुतेक सगळे निघून गेले, हा न्यायमंत्री मागे थांबला. तुरुंगात शत्रूपक्षाचे शेकडो कैदी होते. आपलं सैन्य गेल्यावर जमाव त्यांना फाडून खाईल हे ओळखून त्याने त्यांना सुखरूप शत्रूच्या हवाली करायची व्यवस्था केली, मगच शहर सोडलं. नदीवरचे पूल उडवले, पण पोलादाचे कारखाने उडवू दिले नाहीत. त्यावर आजही वाद होतो, कारण ते कारखाने लगेच फ्रँकोच्या कामी आले. मी लेथवर पोट भरणारा माणूस. चालू यंत्राखाली सुरुंग लावायचा, या कल्पनेनेच माझ्या पोटात गोळा येतो. माझं मत कुणीकडे ते सांगायला नको.

१९६० पासून एकोणीस वर्षं लेइसाओला लेहेंदाकारी होता आणि त्याच्याकडे जमीन नव्हती. पोलीस नाहीत, कर नाहीत, झाड नाही. १९६५ पासून त्या सरकारचा रेडिओ लागायचा तो व्हेनेझुएलाच्या जंगलातून. अमामा आणि तिचा नवरा तो गोधडीखाली ऐकायचे. तिचा नवरा मध्य स्पेनमधल्या कास्तियाकडचा, पोलाद कारखान्यात कामाला आलेला, त्याला बास्कचं एक अक्षर कळायचं नाही. बास्क बातम्या ती त्याला कानात सांगायची आणि स्पॅनिश लागलं की तो तिला गप्प करायचा. १९७४ च्या ईस्टरला, फ्रँको जिवंत असताना, सत्त्याहत्तर वर्षांचा लेइसाओला चोरून सरहद्द ओलांडून गेर्निकाला आला, आपल्या लोकांना दर्शन दिलं आणि परत गेला. १५ डिसेंबर १९७९ ला मात्र उजळ माथ्याने आला. बेचाळीस वर्षांनी. बिलबाओचं सान मामेस मैदान माणसांनी फुललेलं. अमामा होती तिथे, नवऱ्याच्या खांद्यावर पोर. काय बोलला लेइसाओला? "काही ऐकू आलं नाही. म्हातारा होता, हळू बोलत होता. पण होता."

इथून पुढे गाडी रुळावर येते, त्यामुळे मीही जरा वेगाने जातो.

१९८० मध्ये कार्लोस गारायकोएचेआ. हा पांप्लोनाचा, म्हणजे नावार्राचा, आणि नावार्रा या तीन प्रांतांत नाहीच. शेजारच्या घरचा माणूस आपल्या घरचा कारभारी झाला असं म्हणा. आज दिसतं ते बहुतेक याच्या पाच वर्षांत उभं राहिलं. पोलीस, आरोग्यसेवा, करांचा करार. १९८२ च्या शेवटच्या रात्री बास्क टीव्ही सुरू झाला. जी भाषा बोलल्याबद्दल छड्या खाल्ल्या ती डब्यातून ऐकू आली तेव्हा अमामाच्या नवऱ्याने विचारलं, काय म्हणतायत? ती म्हणाली, "हवामान." नंतर त्याच्या बास्क नॅशनलिस्ट पक्षात फूट पडली. प्रांतांकडे किती अधिकार ठेवायचे आणि वरच्या बास्क सरकारकडे किती, यावरून. गारायकोएचेआ पायउतार झाला आणि १९८६ मध्ये त्याने वेगळा पक्ष काढला. अमामाचा भाऊ त्याच्या मागे गेला. नाताळचं जेवण सहा वर्षं दोन घरांत झालं. मासा एकाच कोळ्याकडून यायचा, एवढीच काय ती एकी.

आर्दान्सा एलोर्रियोचा, इथून दहा किलोमीटरवरचा. त्यामुळे 'आपला'. १९८५ ते १९९९, चौदा वर्षं. शांत, जाडजूड, आवाज न चढवणारा. बास्क स्वातंत्र्यासाठी हत्यार उचललेल्या एता या संघटनेची बंदूक सगळ्यात जवळून दिसली ती याच्या काळात. त्या संघटनेने एकूण आठशेहून जास्त माणसं मारली. जानेवारी १९८८ मध्ये त्याने एता-समर्थक पक्ष सोडून बाकी सगळ्यांना एका टेबलाशी बसवून करार केला. आणि जुलै १९९७ मध्ये एर्मुआ. आमच्याच रेल्वे लाइनवरचं गाव. तिथला एकोणतीस वर्षांचा नगरसेवक मिगेल आंखेल ब्लांको याला एताने पळवलं, अठ्ठेचाळीस तासांची मुदत दिली आणि मुदत संपल्यावर डोक्यात गोळ्या घातल्या. तो बास्क राष्ट्रवादी नव्हता, माद्रिदकडच्या उजव्या पक्षाचा होता. अमामा त्या पक्षाला मत देण्याआधी हात तोडून घेईल. तरी ती एर्मुआला गेली, हाताचे तळवे पांढरे रंगवून. "तो कुणाचा होता ते नंतर बघू," एवढंच ती त्यावर बोलते, आणि मग भांडी घासायला घेते. आर्दान्सा ८ एप्रिल २०२४ ला गेला. त्या दिवशी तिने लिफ्ट वापरली नाही. तीन मजले चढली. मी मागून पिशवी घेऊन.

इबारेचे सायकलवाला. १९९९ ते २००९. माद्रिदशी 'मुक्त सहभागा'चं नातं, असा आराखडा त्याने मांडला. बास्क संसदेत ३० डिसेंबर २००४ ला तो ३९ विरुद्ध ३५ ने पास झाला, आणि १ फेब्रुवारी २००५ ला माद्रिदच्या संसदेत ३१३ विरुद्ध २९ ने पडला. हरणार हे ठाऊक असून तो स्वतः तिथे जाऊन बोलला, याचं इथल्या विरोधकांनाही कौतुक आहे. त्याची दुसरी आठवण म्हणजे भाषणात तो दरवेळी 'बास्क पुरुष आणि बास्क स्त्रिया' असं दोन्ही म्हणायचा. गंमत अशी की हे स्पॅनिशमध्येच करावं लागतं, बास्कमध्ये लिंगच नाही. तो, ती, ते, सगळ्याला एकच शब्द. रात्रशाळेत बास्क शिकताना मी 'टेबल पुल्लिंगी की नपुंसकलिंगी' असं विचारलं तर बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की टेबलाचा चारित्र्य-दाखलाच मागितला मी. (ए-टूच्या परीक्षेत मी एकदा आपटलोय. दुसऱ्या खेपेला सुटलो.)

आता पाची लोपेस, २००९. इथे अमामाच्या शपथेला पहिला तडा गेला.

बास्क नॅशनलिस्ट पक्षाच्या तीस जागा आल्या होत्या, सगळ्यात जास्त. पण समाजवाद्यांच्या पंचवीस आणि उजव्यांच्या तेरा मिळून पंचाहत्तरमध्ये अडतीस झाल्या. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे दोन पक्ष एकत्र येऊन सरकार! हे वाचून मराठी वाचकाला घेरी येणार नाही, याची मला खात्री आहे. इथल्या लोकांना आली. लोपेस झाडाखाली उभा राहिला आणि त्याने देवाचं नाव घेतलं नाही. बायबल नाही, समोर स्वायत्ततेच्या कायद्याची प्रत. 'शपथ घेतो' नाही, 'वचन देतो'. आपल्याला यात नवल नाही. आपल्या राज्यघटनेने दोन्ही वाटा पहिल्यापासून ठेवल्यात, कुणी 'ईश्वरसाक्ष' म्हणतो, कुणी 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो'. दोन्ही प्रकार टीव्हीवर पाहतच आपण मोठे झालो. अमामाला हे सांगितलं तर तिने विचारलं, "मग खोटं कोण जास्त बोलतं?" मी म्हटलं, फरक दिसत नाही.

२००९ मध्ये तिने टीव्ही बंद केला नव्हता म्हणे. फक्त आवाज बंद केला. तोंड हलताना बघत राहिली आणि तेव्हा तिला नवऱ्याची आठवण झाली, कारण तिचा नवराही असाच बाहेरून आलेल्यांतला, असल्याच आडनावाचा. पोलाद कारखान्यांच्या कडेच्या गावांतला लोपेस तो हाच लोपेस. नवरा जिवंत असता तर खुर्चीवरून उठून उभा राहिला असता, ती म्हणते. आवाज बंद केल्याचं तिला नंतर वाईट वाटलं. एताने बंदूक कायमची खाली ठेवल्याचं जाहीर केलं ते याच लोपेसच्या काळात, २० ऑक्टोबर २०११ ला. ती बातमी तिने पूर्ण आवाजात ऐकली.

आडनावाचं हे प्रकरण मला कळायला वेळ लागला. इथे प्रत्येकाला दोन आडनावं, आधी बापाचं, मग आईचं. मी नोंदणीला गेलो तर एका कार्यालयात माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं बघून त्यांनी वडिलांच्या नावालाच पहिलं आडनाव करून टाकलं. तेव्हापासून दवाखान्यात, बँकेत, सगळीकडे मी 'सेन्योर दत्तात्रय'. दादा हयात असते तर हसून लोळले असते. पण इथे आडनाव म्हणजे नुसती हाक नाही. साबिनो आराना याने १८९५ मध्ये बास्क नॅशनलिस्ट पक्ष काढला तेव्हा सुरुवातीला सभासद व्हायचं तर चारही आजी-आजोबांची आडनावं बास्क असावी लागत. अमामाचे वडील त्या मुशीतले. पोरीच्या लग्नाला आले नाहीत. पहिल्या नातवाच्या बाप्तिस्म्याला आले, मुलाचं नाव ऐकलं, आणि दुसऱ्या आडनावापाशी पोचेपर्यंत श्वास रोखून धरला, असं ती नक्कल करून दाखवते.

उर्कुयू हा पेशाने शिक्षक. २०१२ ला आला आणि झाडाखाली देवही परत आला. बारा वर्षं. त्याच्याबद्दल अमामा एकच सांगते: "त्याच्या काळात काही झालं नाही." ही तिची मोठी स्तुती आहे. तिने ज्या काळात काही-काही झालं ते बघितलंय. (काही झालंच नाही असं नाही. एता २०१८ मध्ये विसर्जित झाली, कोरोनात मास्क लावून निवडणूक झाली. पण तिच्या तुलनेत माझं मोजमाप कोतं आहे.)

आणि मग जून २०२४. इमानोल प्रादालेस, जन्म १९७५, सान्तुर्त्सीचा. पूर्ण नाव प्रादालेस खिल. दोन्ही आडनावं बास्क नाहीत. आरानाच्या पक्षाचा लेहेंदाकारी, आणि दोन्हीपैकी एकही आडनाव बास्क नाही, हे पहिल्यांदाच. एप्रिलच्या निवडणुकीत त्याच्या पक्षाला २७ आणि एआच बिल्दू या डाव्या स्वातंत्र्यवादी आघाडीला २७, अशी अगदी खांद्याला खांदा लावून बरोबरी झाली होती. अमामाला त्या आकड्यांत रस नव्हता. तिला झाडाखाली तो काय म्हणतो ते ऐकायचं होतं. देव असेल का, आणि ते आडनाव त्या शब्दांना लागून कसं ऐकू येईल.

दातांचं दुखणं चालू असल्याने त्या दिवशी मी तिच्याकडे वरण-भात लावला होता. तिला आवडतो. 'पिवळं' म्हणते. मी चिंचवडहून आणलेला पाच लिटरचा कुकर. समोर टीव्ही, टीव्हीत झाड, झाडाखाली काळ्या कोटातला उंच माणूस. त्याने श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि कुकरने शिट्टी दिली. अशी-तशी नाही. पहिली शिट्टी, सगळा जोर लावून, लांबच लांब. मी गॅसकडे धावलो, तोवर दुसरी. अमामा काठी आपटत होती, तेही ऐकू येत नव्हतं. मी बटण फिरवलं तेव्हा टाळ्या चालू होत्या.

"काय म्हणाला?"

"मलाही नाही ऐकू आलं."

मला वाटलं, आता काठी बसते. ती काही बोलली नाही. टेबलाची कड धरून हळूहळू उठली, गुडघे कटकट वाजले. तसबिरीकडे तोंड केलं. आणि आगिर्रेची शपथ, जुन्या बोलीतली, जशी आईकडून कानात ऐकून शिकली होती तशी, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत म्हणाली. 'आपालिक'ला मान खाली, 'सुतुनिक'ला वर. कुकरची वाफ अजून फुसफुसत होती.

मग बसली आणि ताटली पुढे सरकवली.

"वाढ," म्हणाली. "पिवळं."